वजनाचा काटा अडतो तेव्हा

लठ्ठपणावरील शस्त्रक्रियेनंतर मनुष्याचे वजन प्रथम झपाट्याने उतरते आणि मग एके दिवशी काटा हलेनासा होतो. पथ्य तेच, फिरणे तेच, तरी आकडा जागचा हलत नाही. शस्त्रक्रिया फसली असे रोग्यास वाटते. शेजारपाजारचे लोक तो चोरून खात असावा असे म्हणतात. मग तो मुळातच अल्प असलेला आहार आणखी तोडतो. खरा अपाय होतो तो येथे.

अमेरिकेतील आयोवा येथे एडवर्ड मेसन यांनी १९६६ साली जठराचा वरचा लहान भाग वेगळा करून तो लहान आतड्यास जोडला, तेव्हापासून ही शस्त्रक्रिया रूढ होत गेली. जठराचा बराचसा भाग कापून उरलेल्या भागाची नळी करणे, हा तिचा दुसरा प्रकार. दोहोंत अन्न कमी मावते, शिवाय भूक व तृप्ती यांची वार्ता मेंदूस पोचविणारी संप्रेरकेही बदलतात.

पहिला थांबा बहुधा काही आठवड्यांतच येतो आणि तो पाण्याचा खेळ असतो. यकृत व स्नायू यांत मिळून सुमारे अर्धा किलो ग्लायकोजेन साठलेले असते व त्याच्या प्रत्येक ग्रॅमाबरोबर सुमारे ३ ग्रॅम पाणी असते. उपासात हा साठा प्रथम खर्च होतो, म्हणून आरंभीची घट मोठी दिसते. पुढे चरबी जळतच असते. परंतु शरीरात पाणी थोडे साठले, तरी ती घट काट्यावर दिसत नाही.

नंतरचा थांबा निराळा. १२० किलोचा मनुष्य ८५ किलोवर आला, म्हणजे त्याने ३५ किलोचे पोतेच पाठीवरून उतरविले. जिना चढण्यास त्यास आता पूर्वीपेक्षा बरीच कमी शक्ती लागते. शिवाय शरीर काटकसरही करते. १९४४-४५ साली मिनेसोटा विद्यापीठात ३६ तरुणांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवले होते. त्यांचे वजन सुमारे चतुर्थांशाने घटले, पण विश्रांतीच्या वेळी होणारा शक्तिव्यय मात्र सुमारे ४० टक्क्यांनी घटला! जमा व खर्च यांचा मेळ बसला की वजन स्थिरावते. स्वीडनमध्ये १९८७ साली सुरू झालेल्या दीर्घ पाहणीत आतड्याच्या जोडणीची शस्त्रक्रिया झालेल्यांचे वजन पहिल्या एकदोन वर्षांत सरासरी ३२ टक्के उतरले व दहा वर्षांनी ही घट २५ टक्क्यांवर राहिली. तेव्हा वर्षदीड वर्षाने येणारा थांबा हा अपेक्षितच होय.

अशा वेळी अन्न तोडल्यास स्नायू झिजतात, आणि स्नायू झिजले की खर्च आणखी घटतो. म्हणून डाळी, दही, अंडी यांतून प्रथिने रोज किमान ६० ग्रॅम तरी पोटात जावीत व स्नायूंना ताण देणारे व्यायाम करावेत. सरबत, आइस्क्रीम यांवर विशेष नजर हवी. लहान जठर घट्ट अन्नास अडविते, पातळ पदार्थास नाही. वजन आठवड्यातून एकदाच करावे, कंबरेचे मापही घ्यावे. ब-१२, लोह व कॅल्शियम यांची औषधे वजन थांबले म्हणून बंद करू नयेत.

वांत्या थांबत नसतील, पाय बधिर होत असतील वा दृष्टी दुहेरी होत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. ब-१ जीवनसत्त्वाचा शरीरातील साठा काही आठवडेच पुरतो.