‘तुरळक’ हा शब्द मी का गाळत नाही

मी बंगळुरात, चामराजपेटेत राहते आणि एका वृत्तसंस्थेच्या मराठी विभागासाठी हवामानाच्या बातम्या देते. शेजारच्या आजी मला रोज विचारतात, “आज कपडे गच्चीवर घालू का गं?” पाऊस कधी पडणार हे मी ठरवते, असं त्यांना वाटतं. अंदाज वर्तवतो हवामान विभाग. माझं काम एवढंच, की तो अंदाज त्याच्या अटींसकट तुमच्यापर्यंत पोहोचवायचा. हे ‘अटींसकट’ मी एका चुकीतून शिकले. आज तीच चूक सांगते, म्हणजे बातमी ऐकताना काय पाहायचं ते तुमच्याही लक्षात येईल.

गोष्ट जून 2023 ची. त्या वर्षी मान्सून केरळात 1 जूनऐवजी 8 जूनला आला. अरबी समुद्रात ‘बिपरजॉय’ चक्रीवादळ घोंगावत होतं. सगळा महाराष्ट्र आभाळाकडे डोळे लावून बसला होता. 11 जूनला हवामान विभागानं जाहीर केलं, की मान्सून दक्षिण कोकणात पोहोचला. नकाशावर मान्सूनची उत्तर सीमा रत्नागिरीपाशी होती. मी मथळा दिला, ‘मान्सून महाराष्ट्रात दाखल’. चूक म्हणावी तर नाही, कारण रत्नागिरी महाराष्ट्रातच आहे. पण त्यानंतर मान्सूननं ओढ दिली. जवळपास दहा-बारा दिवस तो फारसा पुढे सरकला नाही. मुंबईत तो पोहोचला थेट 25 जूनला आणि त्याच दिवशी दिल्लीतही. असं 1961 नंतर पहिल्यांदाच घडलं.

मधल्या काळात आमच्या कार्यालयात लातूर जिल्ह्यातल्या एका शेतकरीदादांचा फोन आला. त्यांच्याकडे वळवाचा एक सडाका झाला होता. त्यात मृग लागलेला आणि वर आमची बातमी. त्यांनी सोयाबीन पेरलं. पुढे पावसानं दडी मारली आणि उगवलेलं करपलं. ते चिडले नव्हते. एवढंच म्हणाले, “ताई, तुम्ही म्हणालात मान्सून महाराष्ट्रात आला. आमचं लातूर महाराष्ट्रात नाही का?”

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. दुबार पेरणी म्हणजे बियाणं पुन्हा, मजुरी पुन्हा आणि हंगामातले दिवस गेले ते गेलेच. कृषी विद्यापीठं दरवर्षी सांगतात, की 75 ते 100 मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत पुरेशी ओल आल्याशिवाय खरिपाची पेरणी करू नका. ही ओळ त्या दिवशी माझ्या बातमीत नव्हती. तेव्हापासून बातमी लिहिताना मी चार गोष्टी तपासते.

पहिली गोष्ट : कुठे?
हवामान विभाग महाराष्ट्राचे चार भाग धरतो. कोकण (यात गोवाही येतो), मध्य महाराष्ट्र, मराठवाडा आणि विदर्भ. म्हणून ‘राज्यात पाऊस’ हे वाक्य मी आता लिहीत नाही. भागाचं नाव घेते, शक्य असेल तिथे जिल्ह्याचंही.

दुसरी गोष्ट : किती ठिकाणी?
‘तुरळक ठिकाणी’, ‘काही ठिकाणी’, ‘बऱ्याच ठिकाणी’, ‘बहुतांश ठिकाणी’ हे शब्द शोभेचे नाहीत. त्या भागातल्या साधारण पाव केंद्रांपर्यंत पाऊस अपेक्षित असेल तर ‘तुरळक’, निम्म्यांपर्यंत ‘काही’, पाऊण भागापर्यंत ‘बऱ्याच’ आणि त्याहून जास्त असेल तर ‘बहुतांश’. म्हणजे ‘मराठवाड्यात तुरळक ठिकाणी पाऊस’ याचा अर्थ बहुतेक गावं कोरडीच राहण्याची शक्यता जास्त. मथळ्यात जागा कमी म्हणून हा एक शब्द गाळला, की अर्थ उलटा होतो.

तिसरी गोष्ट : किती आणि कधी?
एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. 24 तासांत 64.5 मिलिमीटरच्या पुढे गेला तर तो ‘जोरदार’, 115.6 पासून ‘अति जोरदार’ आणि 204.5 पासून ‘अत्यंत जोरदार’. हे 24 तास सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ असे मोजतात. त्यामुळे ‘आजची नोंद’ म्हणून आकडा येतो, त्यातला बराचसा पाऊस काल पडलेला असतो. बातमीत तारीख नीट लिहिली नाही, तर लोक पडून गेलेल्या पावसाला घाबरतात.

चौथी गोष्ट : रंग कोणता?
पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे कृती करा. रंग ठरवताना पावसाच्या आकड्याबरोबर त्याचा परिणाम काय होईल आणि तो होण्याची शक्यता किती, हेही पाहतात. पिवळ्या रंगाला ‘धोक्याचा इशारा’ म्हणून आरडाओरडा केला, की लाल इशारा येतो तेव्हा कोणी ऐकत नाही.

आता कोणी म्हणेल, एवढं करूनही अंदाज चुकतोच की! कधीकधी चुकतो. पण पुष्कळदा अंदाज बरोबर असतो आणि आपला अंगणाचा हिशेब वेगळा असतो. बंगळुरात एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर गडगडाटी ढग येतात. असा एक ढग जेमतेम काही किलोमीटरचा. चामराजपेटेत गटारं वाहत असतात, तेव्हा यलहंकात रस्ते कोरडे. मग यलहंकाची मैत्रीण विचारते, “कुठे आहे तुझा पाऊस?” मुंबईचं उदाहरण तर सगळ्यांना आठवत असेल. 26 जुलै 2005 च्या पावसात सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर नोंदले गेले आणि कुलाब्याला सुमारे 73. शहर एकच, दिवस एकच. एका केंद्राचा आकडा साऱ्या शहराचा नसतो, मग तो साऱ्या राज्याचा कसा असेल?

म्हणून मंडळी, यापुढे पावसाची बातमी ऐकलीत की हेच चार प्रश्न विचारा. कुठे? किती ठिकाणी? किती आणि कधी? रंग कोणता? बातमीत उत्तरं नसतील, तर हवामान विभागाचं जिल्हावार पत्रक पाहा. शेतकरी असाल, तर मथळ्यावर पेरणी करू नका, मग तो मथळा माझा का असेना. आपल्या शेतातली ओल पाहा, वाफसा पाहा आणि मगच तिफण धरा.

लातूरच्या त्या दादांचा फोन पुन्हा आला नाही. पण मराठवाड्याची बातमी लिहिताना मी आधी स्वतःला त्यांचाच प्रश्न विचारते आणि मगच मथळा देते. आणि शेजारच्या आजींना सांगते, “तुरळक ठिकाणी पाऊस आहे. कपडे घाला, पण आभाळावर नजर ठेवा.” भेटूया पुढच्या भागात.