जाणाऱ्या मॉडेलवरची सूट की येणारे नवे मॉडेल : फरकाच्या हिशोबाने निर्णय

अभियांत्रिकी अर्थशास्त्रात आपण ‘परस्परवर्जक पर्याय’ शिकतो. म्हणजे दोनपैकी एकच घेता येते, दोन्ही नाही. पुस्तकात त्यासाठी दोन पंप किंवा दोन लेथ मशिनची उदाहरणे असतात. वर्गात मात्र, विशेषतः दसरा-दिवाळीच्या आधी, मुले हाच प्रश्न वेगळ्या रूपात विचारतात : “सर, घरी गाडी घ्यायची आहे. जुन्या मॉडेलवर चांगली सूट आहे, पण नवे मॉडेल आले आहे. कोणते घ्यावे?” पंपापेक्षा हे उदाहरण जास्त शिकवते. म्हणून या टिपणात तेच सोडवू.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करतो. सूट किती आहे हा या प्रश्नातला महत्त्वाचा आकडा नाही. शोरूममध्ये फलकावर जी जुनी किंमत खोडून नवी लिहिलेली असते, त्यातली खोडलेली किंमत विसरून जायची. ती किंमत कोणीही देणार नव्हते. तुलना करायची ती दोन गाड्यांसाठी आज आपल्या खिशातून प्रत्यक्ष जाणाऱ्या रकमांची, म्हणजे दोन ऑन-रोड किमतींची. त्यानंतर फक्त त्या बाबी पाहायच्या जिथे दोन गाड्या वेगळ्या आहेत. जे दोन्हीकडे सारखे आहे, उदाहरणार्थ टायर, धुलाई, पार्किंग, ते हिशोबातून गाळा.

आधी बदल कोणता ते ओळखा

‘नवे मॉडेल’ हा शब्द कंपन्या फार सैलपणे वापरतात. कधी फक्त बंपर, दिवे आणि पडद्याचा आकार बदललेला असतो. कधी इंजिन तेच राहून सुरक्षेची साधने वाढतात. कधी सगळी पिढीच बदलते. आणि कधी गाडी दिसायला तीच असते, पण उत्सर्जनाचा कायदा बदललेला असतो. पहिल्या प्रकारात सूट घेऊन मोकळे व्हावे, त्यावर फार विचार करण्यासारखे काही नाही. बाकीच्या तिन्हींत विचार करावा लागतो.

पिढी बदलण्याचे परिचयाचे उदाहरण म्हणजे मारुती सुझुकी स्विफ्ट. मे २०२४ मध्ये भारतात चौथ्या पिढीची स्विफ्ट आली. आधीच्या गाडीत १.२ लिटरचे चार सिलिंडरचे इंजिन होते, सुमारे ९० पीएस शक्तीचे. नव्या गाडीत तेवढ्याच आकाराचे पण तीन सिलिंडरचे, सुमारे ८२ पीएसचे इंजिन आले. शक्ती कमी झाली, पण मॅन्युअल गिअरच्या गाडीचे प्रमाणित मायलेज लिटरला २२.३८ किलोमीटरवरून २४.८ वर गेले. जुन्या गाडीत दोन एअरबॅग होत्या, नव्या गाडीत सर्वांत स्वस्त प्रकारापासून सहा. म्हणजे ‘नवे ते सगळ्या बाबतीत चांगले’ असेही नाही. चार सिलिंडरचे इंजिन नैसर्गिकरीत्या कमी थरथरते, आणि बरेच चालक जुन्या इंजिनालाच पसंती देतील. त्यात चूक काही नाही.

हिशोब

आता गणित मांडू. मायलेजचे आकडे वरचेच घेऊ. किमती आणि पुनर्विक्रीचे आकडे मात्र केवळ उदाहरणासाठी धरलेले आहेत, तुमच्या गावच्या विक्रेत्याचे आकडे तुम्ही घालायचे.

समजा, नव्या गाडीची ऑन-रोड किंमत ८,५०,००० रु. आहे आणि सूट धरून जुन्या मॉडेलची ७,८०,००० रु. आज वाचतात ७०,००० रु. हा झाला जुन्या मॉडेलच्या बाजूचा आकडा.

नव्या गाडीच्या बाजूने दोन आकडे येतात. पहिला पेट्रोलचा. प्रत्यक्ष रस्त्यावर प्रमाणित मायलेजच्या ८० टक्के मिळते असे धरू. मग नवी गाडी लिटरला सुमारे १९.८ किलोमीटर देईल, जुनी १७.९. वर्षाला १०,००० किलोमीटर चालवल्यास नवीला ५०४ लिटर लागेल आणि जुनीला ५५८.५ लिटर. फरक ५४.५ लिटर. पेट्रोल १०० रु. लिटर धरले तर वर्षाला ५,४५० रु.

दुसरा आकडा पुनर्विक्रीचा. पाच वर्षांनी दोन्ही गाड्या विकायला काढल्या, तर घेणारा विचारणार : “नवा शेप की जुना शेप?” हा प्रश्न सेकंड-हँड बाजारात सर्वांत आधी येतो. जुन्या आकाराच्या गाडीला त्या दिवशी ६०,००० रु. कमी मिळतील असे धरू.

या रकमा वेगवेगळ्या वर्षांत येतात, म्हणून त्या आजच्या मूल्यात आणायच्या. व्याजदर ९ टक्के घेऊ. कर्ज काढून गाडी घेणार असाल तर तुमच्या कर्जाचा दर घ्या, रोख घेणार असाल तर तो पैसा अन्यत्र जे कमावला असता तो दर. पाच वर्षांनंतरच्या ६०,००० रुपयांना १.०९ च्या पाचव्या घाताने, म्हणजे १.५३९ ने भागले की सुमारे ३९,००० रु. येतात. दरवर्षीच्या ५,४५० रुपयांना पाच वर्षांच्या वार्षिकी गुणकाने, ३.८९ ने गुणले की २१,२०० रु. दोन्ही मिळून ६०,२००. जुन्या मॉडेलची आजची बचत ७०,०००. म्हणजे जुने मॉडेल जवळपास १०,००० रुपयांनी स्वस्त पडते.

सत्तर हजारांची सूट शेवटी दहा हजारांवर आली, हे इथे नीट पाहून घ्या. उरलेले साठ हजार ही सूट नव्हतीच. पुढे होणाऱ्या नुकसानीचा तो आगाऊ मिळालेला भाग होता.

आता तीच गाडी आठ वर्षे ठेवायची असेल तर? इतक्या जुन्या गाडीत ‘शेप’चा फरक पुसट होतो. तो २५,००० रु. धरू. त्याचे आजचे मूल्य सुमारे १२,५०० रु. पेट्रोलचे आठ वर्षांचे सुमारे ३०,२०० रु. बेरीज ४२,७००. जुने मॉडेल २७,००० रुपयांनी पुढे. उलट तीन वर्षांत गाडी विकायची असेल आणि तेव्हा फरक ७५,००० रु. असेल, तर त्याचे आजचे मूल्य ५७,९०० आणि पेट्रोलचे १३,८००. बेरीज ७१,७००. इथे नवी गाडी किंचित पुढे जाते.

यावरून असे दिसते की सूट त्याच्या कामाची, जो गाडी दीर्घकाळ ठेवणार आहे. दर तीन-चार वर्षांनी गाडी बदलणाऱ्याला तिचा उपयोग बहुतेक वेळा होत नाही. शोरूममध्ये मात्र दोघांनाही ती सारख्याच उत्साहाने सांगितली जाते.

फिरणे किती हेही पाहा. वर्षाला २०,००० किलोमीटर चालवणाऱ्याची पेट्रोलची बचत दुप्पट होते आणि पाच वर्षांच्या हिशोबात नवी गाडी जिंकते : ४२,४०० आणि ३९,००० मिळून ८१,४००.

या गणितातला सर्वांत कच्चा आकडा कोणता? पुनर्विक्रीचा. मायलेज मोजता येते, किंमत छापलेली असते, पण पाच वर्षांनंतरचा बाजार कोणाला माहीत? अशा वेळी आकड्याचा अंदाज करण्याऐवजी प्रश्न उलटा विचारावा : तो आकडा किती झाला की निर्णय बदलेल? आपल्या पाच वर्षांच्या उदाहरणात उत्तर सुमारे ७५,००० रु. येते. मग सेकंड-हँड बाजारात जाऊन आज पाच वर्षे जुन्या, पण पिढीच्या सीमारेषेच्या अलीकडच्या-पलीकडच्या गाड्यांत किती फरक आहे ते बघता येते. हा एक दुपारचा अभ्यास आहे, आणि कोणत्याही जाहिरातीपेक्षा विश्वासार्ह.

विम्यातली एक ओळ

मोटार विम्यात ‘आयडीव्ही’, म्हणजे विमाधारकाने घोषित केलेले मूल्य, कंपनीच्या छापील विक्रीकिमतीवरून ठरते आणि गाडीच्या वयाप्रमाणे घसरते : सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, एक वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४०, पाचपर्यंत ५० टक्के. हा तक्ता बहुतेकांना माहीत असतो. त्याच नियमातली पुढची ओळ कमी लोक वाचतात. पाच वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांचे आणि उत्पादन बंद झालेल्या मॉडेलचे मूल्य विमा कंपनी आणि गाडीमालक यांच्यातील समजुतीने ठरते. म्हणजे बंद झालेले मॉडेल घेतले, तर दुसऱ्याच वर्षी नूतनीकरणाच्या वेळी आयडीव्ही स्वतः तपासून, कमी वाटल्यास वाढवून मागावा लागतो. गाडी चोरीला गेली किंवा दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर गेला, तर हातात येणारी रक्कम याच आकड्यावरून ठरते.

कायद्याची तारीख

उत्सर्जनाचा टप्पा बदलताना मिळणारी सूट ही वेगळीच गोष्ट आहे, कारण तिथे गाडी नुसती जुनी होत नाही, ती नोंदवलीच न जाण्याचा धोका असतो. मार्च २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिलपासून बीएस-३ वाहनांच्या विक्रीवर बंदी घातली. आदेश आला २९ तारखेला. त्यानंतरच्या दोन दिवसांत देशभर दुचाकींच्या दुकानांबाहेर रांगा लागल्या. मात्र ३१ मार्चपर्यंत विक्री झाल्याचा पुरावा असेल तर नोंदणी नंतरही करता येत होती.

बीएस-४ च्या वेळी शब्द बदलले. ऑक्टोबर २०१८ च्या आदेशानुसार १ एप्रिल २०२० पासून बीएस-४ वाहनाची विक्रीही नाही आणि नोंदणीही नाही. मग नेमक्या शेवटच्या आठवड्यात टाळेबंदी आली. न्यायालयाने आधी थोडी सवलत दिली, जुलै २०२० मध्ये ती मागे घेतली, आणि ऑगस्टमध्ये ३१ मार्चपूर्वी विकलेल्या व सरकारी ई-वाहन पोर्टलवर नोंद झालेल्या वाहनांनाच नोंदणीची वाट मोकळी केली. ज्यांनी सूट घेतली आणि कागद विक्रेत्यावर सोडले, त्यांचे ते चार महिने कसे गेले असतील याची कल्पना करा. अशा सूटीच्या वेळी विचारायचा प्रश्न ‘किती कमी?’ हा नसून ‘नोंदणी कोणत्या तारखेला होणार?’ हा असतो.

त्याचे पडसाद नंतरही राहतात. दिल्ली आणि लगतच्या गुरुग्राम, फरिदाबाद, गाझियाबाद, गौतम बुद्ध नगर या जिल्ह्यांत हिवाळ्यात प्रदूषणाचा तिसरा टप्पा लागू झाला की बीएस-४ डिझेल मोटारी रस्त्यावर आणता येत नाहीत. मार्च २०२० मध्ये सूट घेऊन तिथे डिझेल गाडी घेतलेल्याला ती अजून वाईट स्थितीत नसतानाही घरी ठेवावी लागते. पुनर्विक्रीचा आकडा असा एका फटक्यात कोसळतो.

उत्पादनाचा महिना आणि वर्ष हेही कागदावर पाहा, विक्रेत्याच्या तोंडून ऐकू नका. ते नोंदणी प्रमाणपत्रावर छापले जाते आणि पुढचा खरेदीदार तेच वाचतो. जानेवारीत घेतलेली, पण आदल्या वर्षी बनलेली गाडी बाजारात आदल्या वर्षाचीच मानली जाते.

जे गणितात घालू नये

आता एअरबॅगकडे येऊ. काही विद्यार्थी सहा एअरबॅगना एक किंमत लावतात, समजा वीस हजार, आणि ती हिशोबात मिळवतात. माझ्या मते हे चुकीचे आहे. अभियांत्रिकीत सुरक्षेची अट आधी लावतात आणि तिच्यात बसणाऱ्या पर्यायांमधून स्वस्त निवडतात. पुलाचा सुरक्षा गुणांक कमी करून सिमेंट वाचवल्याचे आपण नफ्यात दाखवत नाही.

ही अट लावताना तारांकनाचे वर्ष वाचायला शिका. स्विफ्टच्या आधीच्या पिढीला ग्लोबल एनकॅपने २०१८ मध्ये दोन तारे दिले होते. जुलै २०२२ पासून चाचणीचे निकष कडक झाले आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये त्याच पिढीच्या गाडीला एक तारा मिळाला. गाडी रातोरात कमकुवत झाली नव्हती, परीक्षा कठीण झाली होती. नोव्हेंबर २०२४ मध्ये नव्या डिझायरला प्रौढ प्रवाशांसाठी पाच तारे मिळाले. पण एका गाडीचे तारे तिच्या भावंडाला आपोआप लागू होत नाहीत. ज्या मॉडेलची चाचणी झाली त्याचेच ते तारे. ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅप ही आपली स्वतःची चाचणीही सुरू आहे, तेव्हा घ्यायच्या मॉडेलचे नाव तिथेही शोधावे.

म्हणून वरचे दहा हजार किंवा सत्तावीस हजार रुपये जुन्या मॉडेलच्या बाजूने आले, तरी घरातील मुले रोज मागच्या सीटवर बसून महामार्गाने जाणार असतील, तर माझे मत नव्या गाडीकडे जाईल. हाच बदल नुसत्या बंपरचा असता आणि दोन्ही गाड्यांचे तारे सारखे असते, तर मी सूट घेतली असती.

सरावासाठी

वरच्या उदाहरणात व्याजदर १२ टक्के घ्या, बाकी आकडे तेच ठेवा. पाच वर्षांच्या मुदतीत पुनर्विक्रीचा फरक किती झाल्यास दोन्ही पर्याय समान ठरतील? उत्तर काढण्यापूर्वी ते ७५,००० पेक्षा जास्त येईल की कमी, आणि का, हे एका वाक्यात लिहा.