स्तनपंपाची निवड
पहिले सहा महिने बाळास केवळ मातेचेच दूध द्यावे, असे वैद्यकशास्त्र सांगते. २०१७ च्या दुरुस्तीनुसार कायद्याच्या कक्षेतील आस्थापनांत पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची सवेतन रजा मिळते; शेतमजूर मातेस मात्र लवकर कामावर जावे लागते. अशा वेळी दूध काढून ठेवणे हाच मार्ग उरतो.

हाताने दूध काढण्यास खर्च नाही. ती रीत परिचारिकेकडून प्रथम शिकून घ्यावी. रबरी फुग्याचा पंप स्वस्त असला तरी टाळावा. दूध फुग्यात शिरते, तो आतून स्वच्छ होत नाही व ओढ आवरता येत नाही. क्वचित दूध काढावयाचे असल्यास दांडीचा हातपंप पुरेसा होतो. दिवसातून अनेकदा काढावयाचे असल्यास विजेवरील पंप सोयीचा. वेदना झाल्यास ओढ कमी करावी आणि नसराळ्याचे माप तपासावे.

दुधाचा स्पर्श होणारे सर्व भाग सुटे करून धुता व उकळता येतील, असाच पंप घ्यावा. काढलेले दूध स्वच्छ भांड्यात झाकून थंड जागी ठेवावे, चार तासांच्या आत, उन्हाळ्यात त्याहूनही लवकर, वाटी-चमच्याने पाजावे. बाटली वापरू नये.