गर्भ नेमका कुठे रुजला?

गर्भाशय सुरुवातीला एकसंध नसते. स्त्रीभ्रूणात दोन म्युलेरियन नलिका शेजारी-शेजारी वाढतात, खालच्या भागात जुळतात आणि मधली भिंत विरून एकच पोकळी उरते. भिंत शिल्लक राहिली तर पडदा असलेले गर्भाशय बनते, जुळणी अर्धवट राहिली तर द्विशृंगी. जुळणी झालीच नाही तर दोन गर्भाशये तयार होतात आणि एकच नलिका पुरी वाढली तर एकशृंगी. अनेकींना हे गरोदरपणातल्या पहिल्या सोनोग्राफीतच कळते.

ही सोनोग्राफी पहिल्या तीन महिन्यांतच व्हायला हवी. पुढे गर्भाशय ताणले जाते आणि मूळचा आकार ओळखणे अवघड होते. योनिमार्गातून केलेल्या त्रिमितीय सोनोग्राफीत आतली पोकळी आणि बाहेरचा माथा एकाच चित्रात दिसतात. माथ्यावर एक सेंटिमीटरहून खोल खाच असेल तर गर्भाशय सहसा द्विशृंगी मानतात. माथा सपाट असून पोकळीच दुभागलेली असेल तर आत पडदा आहे.

सर्वांत मोठा धोका एकशृंगी गर्भाशयाच्या अपुऱ्या वाढलेल्या दुसऱ्या शिंगात असतो. मुख्य पोकळीशी ते बहुधा जोडलेले नसते, तरी शुक्राणू उदरपोकळीतून त्या बाजूच्या बीजनलिकेत पोहोचू शकतात. तिथे वाढणारा गर्भ सहसा चौथ्या ते सहाव्या महिन्यात शिंग फाडतो आणि पोटात जीवघेणा रक्तस्राव होतो. सोनोग्राफीत हे चित्र द्विशृंगी गर्भाशयासारखे भासते, म्हणूनच फसवते. गर्भाभोवती स्नायूचे आवरण आहे, पण त्याची पोकळी गर्भाशयमुखाशी सलग नाही, हीच मुख्य खूण.

उलटी चूकही तितकीच दुःखद. पडद्याच्या एका बाजूला नीट रुजलेला गर्भ बीजनलिकेच्या तोंडाशी अडकल्यासारखा दिसू शकतो आणि निरोगी गर्भारपण संपवले जाण्याची भीती असते. शंका उरली तर काही दिवसांनी पुन्हा सोनोग्राफी किंवा गॅडोलिनियमचे इंजेक्शन न देता एमआरआय करावा. रिकाम्या बाजूचे अस्तरही जाड होते. त्यावरून तिथे दुसरा गर्भ आहे असे समजू नये.

निदान पक्के झाल्यावर आईची मूत्रपिंडेही पाहतात, कारण एकशृंगी गर्भाशयात न वाढलेल्या बाजूचे मूत्रपिंड कधीकधी नसतेच. पाचव्या-सहाव्या महिन्यात गर्भाशयमुखाची लांबी मोजतात. ती २५ मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर अकाली प्रसूतीचा धोका वाढतो. शेवटच्या महिन्यांत बाळाची वाढ आणि ते पायाळू आहे का, हे पाहिले जाते.