टेबलावर ठेवलेला कागद

इंग्रजीने आजवर पुष्कळांना चकविले आहे. मला चकविले ते एका टेबलाने!

सात-आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या गावाकडच्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या उत्तम यंत्रावर ध्वनिमुद्रित कराव्यात, अशी एक योजना मी अमेरिकेतील एका विद्यापीठाकडे साहाय्यासाठी धाडली. महिन्याभरात उत्तर आले : ‘युअर प्रपोजल हॅज बीन टेबल्ड.’ मला वाटले, योजना चर्चेला घेतली! घरात पेढे आले. ओव्या म्हणणाऱ्यांत सर्वांत वडील माझी आत्या. तिला म्हटले, ‘‘आत्या, तुझ्या ओव्या साहेबाच्या टेबलावर पोचल्या!’’ ती हसून म्हणाली, ‘‘टेबलावर ठेवून काय व्हायचंय रे बाबा? पानात वाढलं म्हणजे खरं!’’

वर्ष गेले. अमेरिकेत राहून आलेल्या एका स्नेह्याला ते पत्र दाखविले, तेव्हा तो हळूच म्हणाला, ‘‘अहो सर, तिकडे ‘टेबल केले’ म्हणजे बाजूला ठेवले. विषय संपला!’’

वाचकहो, या एका शब्दावरून मोठमोठी माणसेही भांडली आहेत. डिसेंबर 1941 मध्ये पर्ल हार्बरवर हल्ला झाला आणि त्याच महिन्यात ब्रिटिश व अमेरिकन सेनाधिकारी वॉशिंग्टनला एकत्र बसले. ब्रिटिशांना एक निकडीचा कागद ‘टेबल’ करावयाचा होता, म्हणजे ताबडतोब चर्चेला घ्यावयाचा होता. अमेरिकनांना वाटले, हे तो खणात टाकून विसरावयास सांगत आहेत! बराच वेळ कडाक्याचा वाद झाला आणि मग उमगले, की दोघांनाही एकच गोष्ट हवी आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या आपल्या इतिहासात, 1950 साली निघालेल्या तिसऱ्या खंडात, चर्चिलसाहेबांनी हा किस्सा नोंदविला आहे.

टेबल एकच, पण इंग्रज कागद त्यावर मांडतो तो सर्वांनी पाहावा म्हणून, आणि अमेरिकन ठेवतो तो हात मोकळे व्हावेत म्हणून. आपण इंग्रजांचा अर्थ उचलला. ‘अहवाल सभागृहाच्या पटलावर ठेवला’ असे आपण म्हणतो, तेव्हा तो सभासदांपुढे आलेला असतो.

इंग्रजीला हसण्यात मात्र अर्थ नाही. आपण पानात भात वाढतो, देवापुढे नारळ वाढवतो आणि हातातली बांगडी फुटली तर ‘वाढवली’ म्हणतो. परक्या माणसाने काय समजावे? शब्दाचा अर्थ कोशात असतो तितकाच तो बोलणाऱ्याच्या घरात असतो. तेव्हा शंका येवो न येवो, एकदा विचारून घ्यावे. मी मराठीचा प्राध्यापक. विद्यार्थ्यांना हे रोज सांगतो. स्वतः मात्र दोन ओळींचे पत्र टाकून विचारले नाही.

त्या वर्षातच आत्या गेली. परदेशी पैशांतून मोठे यंत्र येईल म्हणून मी थांबलो होतो. खिशातल्या फोनवरही तिचा आवाज राहिला असता. आता तिच्या ओव्या माझ्या वहीत आहेत, चाल मात्र तिच्याबरोबर गेली.

गावात अजून दोन म्हाताऱ्या ओव्या म्हणतात. भाऊबीज झाली की मी तिकडे निघणार आहे. या खेपेस कोणाच्या पत्राची वाट पाहावयाची नाही.