किल्ला दिसतो, घर दिसत नाही

फोटोग्राफरला समुद्राचं वेड लागावं आणि त्याचा मुक्काम असावा सोलापुरात, हा तसा विनोदच म्हणायचा. सात रस्त्याच्या चौकात उभं राहिलं की चहूकडे वाटा फुटतात, पण त्यातल्या एकाही वाटेला खाऱ्या वाऱ्याचा वास नाही. माझी उभी हयात या चौकाजवळच्या एका छोट्या स्टुडिओत गेली. पासपोर्ट फोटो, साखरपुडे, लग्नं, शाळांचे ग्रुप फोटो. मात्र दिवाळीनंतर वर्षातले आठ-दहा दिवस मी स्वतःसाठी राखून ठेवायचो. रात्रीची एस.टी. पकडायची, कोल्हापूर गाठायचं आणि राधानगरीवरून फोंडा घाट उतरून कणकवली, मालवण. घाट उतरला की हवा ओलसर लागायची आणि मला वाटायचं, चला, सुट्टी सुरू झाली.

कोकणातली बेटं आणि किनाऱ्यावरची गावं यांचे फोटो काढायचे, तर आधी समुद्राचं वेळापत्रक शिकावं लागतं. हे मला एका होडीवाल्यानं शिकवलं. तिथीला पाऊणनं गुणायचं, की भरतीची वेळ येते. म्हणजे चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, तीन वाजता पूर्ण भरती. अष्टमीला सहा वाजता. पौर्णिमेला सव्वाअकराच्या सुमारास. हा ठोकताळा आहे, गावागणिक थोडाफार फरक पडतो. पण पंचांग खिशात असलं की अंदाज चुकत नाही. भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी, आणि रोजची वेळ आदल्या दिवसापेक्षा सुमारे पन्नास मिनिटं पुढे.

यात फोटोग्राफरच्या सोयीची एक गंमत आहे. पौर्णिमा आणि अमावास्येला भरती भर दुपारच्या सुमारास येते, म्हणून ओहोटी सकाळ-संध्याकाळी सहाच्या आसपास पडते. ती उधाणाची ओहोटी, त्यामुळे पाणी पार खाली जातं. रायगडच्या किनाऱ्यावर अशा दिवशी भरती-ओहोटीतला फरक चार मीटरपेक्षाही जास्त असतो. उघडी पडलेली ओली वाळू आणि त्याच वेळी सूर्य क्षितिजाशी! अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात ओहोटीच्या वेळी चालत जाता येतं, हे पुष्कळांना ठाऊक असतं. पण अष्टमीला, म्हणजे भांगाच्या वेळी, ओहोटी दुपारी येते, पाणी पुरेसं ओसरत नाही आणि ऊनही डोक्यावर. मग फोटोही नाही आणि वाटही नाही.

दुसरा धडा उजेडाचा. आपला किनारा पश्चिमेकडे तोंड करून बसलेला आहे. सकाळी सूर्य आपल्या पाठीशी, डोंगराकडून वर येतो आणि समोरच्या किल्ल्याची तटबंदी चिरा न् चिरा उजळून टाकतो. संध्याकाळी तोच सूर्य किल्ल्याच्या मागे जातो. मग किल्ल्याची फक्त काळी आकृती उरते. कॅलेंडरवर तीच शोभते. म्हणून बहुतेक लोक संध्याकाळी जातात आणि सगळ्यांचे फोटो सारखे येतात. मीही पहिली काही वर्षं तेच केलं.

मालवणच्या सिंधुदुर्गाची माझी पहिली भेट मला अजून आठवते. कुरटे बेटावर २५ नोव्हेंबर १६६४ रोजी शिवाजी महाराजांनी या किल्ल्याचं काम सुरू केलं आणि सुमारे तीन वर्षांत ते पुरं झालं. चारी बाजूंनी खारं पाणी आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव अशा तीन गोड्या पाण्याच्या विहिरी. शिवराजेश्वराचं मंदिर. मी दोन रोल, म्हणजे बहात्तर फोटो काढले. तट, बुरूज, विहिरी, मंदिर, पुन्हा तट. परतीच्या होडीची वाट पाहत एका घराच्या पडवीशी टेकलो होतो. किल्ल्यात पिढ्यान्‌पिढ्या राहणारी काही कुटुंबं आहेत, त्यांच्यापैकी ते एक घर. आतून एक आजी पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. माझ्या कॅमेऱ्याकडे बघत म्हणाल्या, “तुमी सगळे दगडांचेच फोटो काढतास. आमचे कित्याक नाय?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि रोलही संपला होता.

पुढच्या वर्षी मी त्याच घरी आधी गेलो. आजींचा, त्यांच्या मुलाचा, सुनेचा फोटो पडवीत काढला. मागे कौलं, अंगणातला माड, दोरीवर वाळत घातलेली जाळी. प्रिंट पोस्टानं पाठवली. २०२१ सालच्या मे महिन्यात तौक्ते वादळानं सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याला झोडपलं. त्यानंतर मी गेलो तेव्हा आजी नव्हत्या, माडही पडला होता. तो फोटो मात्र भिंतीवर होता. मुलगा नातवाला बोटानं दाखवत होता की माड कुठे होता आणि आजी कुठे बसायची. तट-बुरुजांच्या माझ्या शेकडो फोटोंचा कुणाला असा उपयोग झाल्याचं मला तरी स्मरत नाही.

त्या सुमारास मी स्कॉटलंडच्या बेटांवरचे जुने फोटो पुस्तकांतून पाहायला लागलो होतो. स्कॉटलंडच्या पश्चिमेला, भर अटलांटिक महासागरात सेंट किल्डा नावाचा बेटांचा एक लहानसा समूह आहे. नॉर्थ उइस्ट हे जवळचं मोठं बेटसुद्धा तिथून साठ-पासष्ट किलोमीटरवर. लोक उभ्या कड्यांवरून दोरानं उतरून समुद्रपक्षी आणि त्यांची अंडी पकडायचे, त्यावर जगायचे. जमिनीचा खंडही पिसांच्या आणि पक्ष्यांच्या तेलाच्या रूपानं द्यायचे. १८७७च्या सुमारास प्रवासी बोटी तिथे जायला लागल्या आणि त्यांच्या पाठोपाठ कॅमेरेही गेले. तेव्हा काचेच्या प्लेटा, लाकडी तिवई, सगळं ओझं होडीतून उतरवावं लागायचं. ॲबर्डीनच्या जॉर्ज वॉशिंग्टन विल्सन यांच्या कंपनीनं १८८६च्या सुमारास तिथे काढलेला एक फोटो जगप्रसिद्ध आहे. गावातले पुरुष सकाळी रस्त्यात जमून दिवसाचं काम ठरवायचे, त्या सभेला बाहेरचे लोक ‘पार्लमेंट’ म्हणायचे. दोन्ही बाजूंना रांगेनं उभी असलेली ती दाढीवाली माणसं आपल्याकडे रोखून पाहतात.

त्या फोटोनंतर पन्नास वर्षंही ते गाव टिकलं नाही. तरुण निघून गेले, आजारपणं आली, हिवाळ्यात मदत पोहोचेना. २९ ऑगस्ट १९३० रोजी उरलेले छत्तीस जण, स्वतःच अर्ज करून, बोटीत बसले आणि बेट कायमचं सोडून गेले. त्यांच्यापैकी अनेकांना मुख्य भूमीवर जंगल खात्यात काम मिळालं. ज्या बेटावर एक झाड नव्हतं तिथल्या माणसांना! या लोकांपैकी शेवटची व्यक्ती २०१६ साली वारली. सेंट किल्डा आता जागतिक वारसास्थळ आहे, तिथे पक्षी आहेत, बिनछपराची घरं आहेत. पण त्या घरांत कोण राहायचं, हे फोटो पाहून सांगता येतं.

दुसरं उदाहरण त्याच टापूतलं. पॉल स्ट्रँड या नामवंत अमेरिकी छायाचित्रकारानं ॲलन लोमॅक्स यांचा स्कॉटिश बेटांवरच्या लोकगीतांचा कार्यक्रम रेडिओवर ऐकला आणि त्या गाण्यांच्या मागोमाग १९५४ साली साउथ उइस्ट बेट गाठलं. (रेडिओ ऐकून माणूस घराबाहेर पडतो, याचा आम्हा रेडिओवर बोलणाऱ्यांना किती आनंद!) होडीवाल्यानं दिलेला तासाभराचा वेळ त्याला पुरणार नव्हता, तो तिथे सुमारे तीन महिने राहिला. दारात उभ्या बायका, कोळी, शाळकरी पोरं, खिडक्या, दगडी भिंती, गवत. माणूस आणि त्याचं घर एकमेकांच्या शेजारी. माणसांची नावं लिहून ठेवली. पुढच्याच वर्षी त्या बेटावर क्षेपणास्त्रांच्या चाचणीसाठी तळ उभारण्याची घोषणा सरकारनं केली. स्ट्रँडचं पुस्तक १९६२ साली निघालं, तेव्हा त्यातलं जग बदलू लागलेलं होतं.

आता आपल्या मुरूडच्या जंजिऱ्यात जाऊन पाहा. राजपुरीहून शिडाची होडी नेते, वारा असला तर काही मिनिटांत. सिद्दींनी १९४८ पर्यंत राखलेलं हे संस्थान. आत गोड्या पाण्याचे तलाव, मोठ्या वाड्याच्या भिंती आणि एकेकाळच्या वस्तीचे अवशेष. आज तिथे कुणी राहत नाही. कलालबांगडी तोफेवर हात ठेवून फोटो काढायला रांग लागते. पण त्या पडक्या भिंतींमधून हिंडताना हे घर कुणाचं, चूल कुठे होती, मूल कुठल्या दारातून शाळेला निघायचं, हे सांगणारं कुणी भेटत नाही.

जुलै २०२५ मध्ये खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे आपले किनाऱ्यावरचे किल्ले इतर किल्ल्यांबरोबर युनेस्कोच्या यादीत गेले. अभिमानाची गोष्ट आहे. आता कॅमेरे आणखी येतील, ड्रोनही उडतील. आकाशातून तट फार सुंदर दिसतो. पडवी मात्र आकाशातून दिसत नाही.

तुम्ही म्हणाल, कोकण आणि स्कॉटलंडचं हे पुराण सोलापूरकरांना कशाला? सांगतो. आपल्या जिल्ह्याच्या उजनी धरणाचं काम १९८० साली पूर्ण झालं. भीमेचं पाणी अडलं, आपली शेती भिजली, आणि काठची कितीतरी गावं उठून नव्या जागी गेली. उन्हाळ्यात पाणी फार खाली गेलं की इंदापूर तालुक्यातलं पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं आणि आम्ही फोटोग्राफर धावतो. एरवी भिगवणला रोहित पक्ष्यांसाठी धावतो.

अशाच एका उन्हाळ्यात, मी काढलेला पाण्यातल्या देवळाचा मोठा फोटो स्टुडिओच्या काचेत लावला होता. धोतर-टोपीतले एक म्हातारे गृहस्थ बराच वेळ तो पाहत उभे राहिले. आत येऊन म्हणाले, “देऊळ झ्याक आलंय. पर अशाच एका देवळामागं आमचं घर हुतं, पाण्यात गेलं. घर दिसंल असा फोटो हाय का तुमच्याकडं?”

नव्हता. कुणीच काढला नव्हता. देवळाकडे येणारे देवळाचा काढून जायचे.

महिनाभरानं ते परत आले. ट्रंकेत त्यांच्या भावाच्या लग्नाचा, सत्तरच्या दशकातला एक काळा-पांढरा ग्रुप फोटो सापडला होता. नवरा-नवरी मधोमध, आणि त्यांच्या डोक्यावरून मागे अर्धं दार, दाराशेजारी एक कोनाडा. मी फक्त तेवढा भाग मोठा करून दिला. दाणे फुटले होते, कडा पुसट होत्या. त्यांनी कोनाड्यावर बोट ठेवलं आणि म्हणाले, “आई हितं दिवा ठेवायची.”

तेव्हापासून कुठल्याही बेटावर गेलो तरी बॅग आवरण्याआधी एक फोटो उंबऱ्यावरच्या माणसांचा काढतो, मागचं घर दिसेल असा. नाव, गाव, तारीख वहीत लिहितो आणि एक प्रत त्यांना पाठवतो. तुमच्याही घरी ट्रंक असेल. आजच्या रविवारी ती उघडा. फोटोंच्या मागे मऊ पेन्सिलीनं नावं लिहा. बॉलपेनानं नको, शाई पुढे उमटते आणि दाबानं फोटोवर वळ पडतात. ओळखणारं माणूस घरात आहे तोवर लिहून घ्या. आणि नवरा-नवरीच्या मागे काय दिसतंय, तेही एकदा नीट पाहा.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)