शिबिराचे पीक कसे मोजावे?



बेणेप्रक्रियेच्या शिबिराला किती शेतकरी आले हे आमच्या वहीत असते. उपयोग झाला का, ते मात्र लागणीच्या दिवशी बांधावरच कळते. टिपरी औषधात बुडवली, की तशीच सरीत दाबली? शेजारी बिनप्रक्रियेचा पट्टा असला तर फरक कोणालाही दिसतो.

रेशनकार्डधारकांच्या शिबिरांनाही हेच माप लावून पाहावे. पेणहून रोह्याला जाताना कासू स्टेशन लागते. मुलूख भाताचा, पेण-रोहे तालुक्यांत कातकऱ्यांच्या वाड्या पुष्कळ. दिवाळीनंतर बरीच कुटुंबे वीटभट्टीवर, कोळसाभट्टीवर जातात, ती पावसाच्या तोंडाशी परततात. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने अंत्योदय कार्डाला दरमहा ३५ किलो, प्राधान्य कुटुंबात माणशी ५ किलो धान्य ठरले. जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. पण हक्क कागदावर आणि माणूस भट्टीवर!

अशा वाडीत शिबीर घेतले, हक्क कोणते, अर्ज कसा करावा, तहसीलदारापुढे कसे बोलावे हे शिकवले, तर मोल कशावरून ठरवायचे? अहवालात हजेरी, फोटो आणि ‘प्रशिक्षणार्थी समाधानी’ असा शेरा. जेवण चांगले असले की आपणही समाधानीच असतो! त्यापेक्षा वर्षाने वाडीवर जावे. अंगठा दिल्यावर पावती मागून घेतात का? पावतीवरचे किलो पिशवीत भरतात का? दक्षता समितीवर वाडीतली बाई आहे का, असल्यास बोलते की नुसती सही करते? आणि जी बोलली, तिचे धान्य पुढच्या महिन्यात अडले का? हा प्रश्न कोणी विचारत नाही. शिबीर न झालेली शेजारची वाडीही पाहावी, नाहीतर दुकानदार बदलल्याचे श्रेय शिबिराला जायचे.

सरकारचे धोरण हलवायला मात्र वर्ष पुरत नाही. १९७२ साली मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्याबरोबर मुंबईच्या बायका महागाईविरुद्ध लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या. अन्नाच्या हक्काची याचिका सर्वोच्च न्यायालयात २००१ ला गेली, कायदा २०१३ ला झाला. आडसालीच्या हिशेबाने हे पीक धरता येत नाही.

आपल्या फडावरच्या टोळ्याही घर सोडूनच येतात. आता एका गावचे कार्ड दुसरीकडच्या दुकानातही चालते. येत्या हंगामात कोपीवर गेलात तर मुकादमाला नको, तोडणीवाल्या बाईलाच विचारा: कार्ड आणलंय का, इथं धान्य मिळतं का, गावाकडं तुमच्या नावावर कोण उचलतं? उत्तरे गट ऑफिसला कळवावीत. चिटबॉयजवळ दिली तरी चालतील.

— ऊस विकास अधिकारी